टोकाच्या बांधीवरची हाक

मधल्या खोलीत दाराच्या मागे लाकडी खुंटी आहे आणि तिच्यावर अंबाडीचा एक दोर टांगलेला आहे. आमच्या घरी दोर कधी रिकामा राहत नाही. बैलाला लागतो, विहिरीला लागतो, धानाचा भारा बांधायला लागतो, काहीच नसलं तर ओले कपडे वाळत घालायला लागतो. या एका दोराला मात्र कुणी हात लावत नाही. माय झाडझूड करताना त्याच्यावरची धूळ पदराने पुसते आणि पुन्हा तिथेच टांगते. त्याच्या पिळात जागोजागी बारीक गाठी मारलेल्या आहेत.

मागच्या रविवारी बाबांनी तो मागितला. ते पहाटेच तलावाच्या पाळीवर जाऊन बसले होते आणि तिथून निरोप आला, ‘येताना खुंटीवरचा दोर आणजो.’ मी तो खाली काढला आणि नाकाला लावला. चुलीच्या धुराचा वास आला, थोडा कोंड्याचा. पण एक गाठ नखाने खरवडली तर वाळू निघाली. बारीक, पांढरी, उन्हात चमकणारी. ही आमच्या नदीची वाळू नाही.

ती आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. तिथल्या एका लहानशा गावात मी अकरा वर्षं नर्स होते. तीन रस्ते, एक चर्च, होड्या लागायचा एक धक्का, आणि समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. गोंदियाच्या बसमध्ये खिडकीशी पुस्तक धरून बसायचे आणि मागे बसलेल्या बायका म्हणायच्या, ‘पाणकराची पोट्टी होय, वाचून राह्यली, धक्का नको देऊ तिले.’ त्या न दिलेल्या धक्क्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

त्या अकरा वर्षांत एक वाक्य ऐकायची मी वाट पाहिली. घरी ये. बाबांनी ते कधी म्हटलं नाही. नको येऊ, असंही म्हटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी आपणहून परत आले. आता गोंदियाला नर्सिंगच्या मुलींना शिकवते आणि रविवारी गावी येते. का परत आले, याचं उत्तर माझ्याजवळ दर वेळी वेगळं असतं, म्हणून ते राहू द्यावं. मी सामान घेऊन अंगणात उतरले तेव्हा बाबांनी विचारलं, ‘किती दिवसांसाठी?’ मी म्हटलं, ‘आता राहायलाच.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. माझं येणं त्यांना हवं होतं, की आपण एवढं करून पोरीला लांब पोचवलं ते वाया गेलं असं वाटलं, मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

माझे बाबा गावाचे पाणकर होते. म्हणजे तलावाचं पाणी शेतांना वाटून देणारा माणूस. आमचा तलाव कुणा पूर्वजांनी खोदलेला, मातीची लांब पाळ, पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तुडूम. तुडुमाला पायऱ्या आणि दर पायरीला एक भोक, त्यात लाकडी बुच. पाणी खाली जाईल तसतसं खालचं बुच काढायचं. पावसाळ्यात तलाव भरतो आणि नंतर फक्त उतरतो. भाद्रपदात एक पायरी उघडी पडते, कुवारात, आश्विन लागला की, दोन. गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे आमच्याकडे पाण्याकडे पाहण्याची माणसांची एक नजरच असते. मोजती नजर.

शेवटचं पाणी कुवारात सुटतं, भारी धान निसवून लोंब्या भरत असतात तेव्हा. ते द्यायची आमच्या गावाची एक रीत आहे. पहिलं पाणी सगळ्यात लांबच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला. जवळच्यांनी आपापल्या बांध्यांची तोंडं मातीने बंद करून, फावडं घेऊन धुऱ्यावर, त्या बांधावर, उभं राहायचं आणि पाणी आपल्या समोरून जाऊ द्यायचं. टोकाची बांधी भिजली की मग मागे मागे येत एकेक तोंड उघडायचं. जवळून सुरुवात केली तर टोकापर्यंत काही उरत नाही, म्हणून ही रीत. आणि ही रीत मोडू नये म्हणून त्याच जुन्या माणसांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली आहे. पाणकराची स्वतःची बांधी असते ती नेहमी टोकाला.

म्हणून माझे लहानपणचे कुवार त्या टोकाच्या धुऱ्यावर गेले. बाबा तुडुमावर आणि मी दोन किलोमीटर लांब, पाण्याची वाट बघत. निसवलेल्या धानाचा दुधासारखा कोवळा वास. बेशरमाची जांभळी फुलं. वर बिरसीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं गोल गोल फिरायची. बाबा म्हणायचे, ‘शिकाऊ हायेत. रस्ता सापडत नाही, म्हणून तिथंच फिरून राह्यले.’ मांडीवर पुस्तक असायचं. शरीरातल्या हाडांची नावं मी तिथेच पाठ केली. मग कधीतरी नालीतल्या सुक्या पानांचा सरसर आवाज यायचा. पाण्याच्या आधी त्याने ढकललेली पानं येतात, मुंग्या येतात, एखादा बेडूक उडी मारत येतो, आणि मग मातकट पाण्याची जीभ. ती आपल्या बांधीत शिरली की मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायचे, ‘पोचलं!’ पुढच्या बांधीवरचा माणूस ते घ्यायचा, तो त्याच्या पुढच्याला द्यायचा. पाणी ज्या वाटेने आलं त्याच वाटेने हाक उलटी तुडुमावर जायची. तिकडून उत्तर यायची पद्धत नव्हती. उत्तर कशाला? पोचलं म्हणजे पोचलं.

आयर्लंडला उतरले त्या दिवशी मी फोन केला. ‘बाबा, पोचले.’ फोन कानाला तसाच ठेवून ते मायला म्हणाले, ‘पोचलं वो.’ आणि मला म्हणाले, ‘ठेव मग. पैसे लागत असन.’

त्या किनाऱ्याची आठवण आली की मला तिथला भर उन्हाळा आठवत नाही. आठवतो तो उन्हाळ्याचा शेवट. ऑगस्टचे शेवटचे दिवस. रात्री दहापर्यंत रेंगाळणारा उजेड हळूहळू आवरता घेतला जायचा. आईस्क्रीमची गाडी वाजवत असलेली धून एक दिवस वाजायची नाही. कुंपणांच्या काटेरी झुडपांवर काळी टपोरी फळं यायची आणि मी आणि जेसी डबे घेऊन निघायचो. जेसी माझ्या खोलीतली, केरळची, तीही नर्स. फळं खाऊन तिची जीभ जांभळी व्हायची आणि ती आरशात बघून लहान मुलीसारखी हसायची. पाहुण्यांच्या चाकांच्या खोल्या एकामागून एक गाड्यांना जोडून निघून जायच्या, गवतावर त्यांचे पिवळे चौकोन उरायचे. मग संध्याकाळी कुठल्यातरी धुराड्यातून दलदलीच्या मातीच्या ढेपा जळल्याचा वास यायचा. शेणाच्या गोवऱ्यांसारखा नाही, पण त्याच्या नात्यातला. त्या वासाने मला रस्त्यातच थांबायला व्हायचं. वाटायचं, आता धान निसवला असेल.

तिसऱ्या वर्षी, त्याच दिवसांत, बाबा आले. घरी ढोरं, म्हणून माय आली नाही. जेसीची एक मावशी मुंबईहून त्याच विमानाने येत होती, तिच्यासोबत त्यांना पाठवलं. विमानतळावर ते बाहेर आले ते धुतलेलं धोतर, पांढरा सदरा आणि माझ्या भावाचं जाकीट घालून. बॅग नवी होती, पण तिला चारी बाजूंनी अंबाडीचा हा दोर गुंडाळलेला. आजूबाजूच्या चाकांच्या चकचकीत बॅगांमध्ये तो दोर बघून मला क्षणभर लाज वाटली. मी म्हटलं, ‘बाबा, दोर कशाला?’ ते म्हणाले, ‘बॅगेचा काय भरोसा? अन् दोर कामात पडते.’ त्या क्षणाची लाज मला आजही सलते. ती त्यांना दिसली असणार. पाणकराच्या नजरेतून पाणी सुटत नाही, तर पोरीचा चेहरा कसा सुटेल.

दुपारी आमच्या खोलीवर पोचलो. भरती होती. पाणी रस्त्याच्या दगडी भिंतीला टेकलेलं, काठोकाठ. बाबांनी हात जोडले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘भरला हाये. यंदा चांगला पडला वाटते इकडं.’ मी हसले, आणि समजावून सांगायचं उद्यावर टाकलं. जेवून ते झोपले ते दुसऱ्या दिवशीच उठले.

सकाळी सातला मी जागी झाले तर अंथरूण रिकामं, दोरही नाही. खिडकीतून पाहिलं. ओहोटी. भिंतीपासून अर्धा किलोमीटर नुसती ओली वाळू, शेवाळ, कलंडलेल्या दोन होड्या. आणि फार लांबवर, खांद्यावर दोर घेतलेलं एक पांढरं धोतर चालत चाललेलं.

मी चप्पल न घालता धावले. तिथली वाळू सरळ नाही. मधे खोलगट भाग आहेत आणि ओहोटी फिरली की पाणी आधी त्या भागांतून मागच्या बाजूने भरतं, माणूस पुढे बघत राहतो. माझ्या आधी मायकेल पोचला होता. मायकेल हा धक्क्याशी राहणारा म्हातारा, जन्मभर होड्यांवर काम केलेला, रोज सकाळी कुत्र्याला घेऊन तिथे फिरायचा. त्याने बाबांच्या दंडाला धरलं होतं आणि दोघं आपापल्या भाषेत जोरजोरात बोलत परत येत होते. बाबांच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल होता.

‘कोणी सोडलं हे?’ बाबांनी मला विचारलं. चेहरा उतरलेला. ‘रात्रीतून सारा खाली झाला. पाळ फुटली कोठी तरी. हा बुढा मले जाऊ देऊन नाही राह्यला.’

‘बाबा, पाळ नाही फुटली. समुद्र आहे. तो असाच जातो.’

‘जाते कसा? फुटलं असन तर चिखलात ओढ दिसते. त्या ओढीनं चाललो मी. ओढ संपतच नोहती.’

मी ते मायकेलला सांगितलं. तुमच्या समुद्राला भोक पडलं असं त्यांना वाटलं आणि ते बुजवायला निघाले होते. मायकेल हसला नाही. कुत्र्याचा पट्टा हातावर गुंडाळत त्याने थोडा विचार केला. म्हणाला, ‘त्यांना सांग, सापडलं तर मलाही दाखवा. साठ वर्षं मी शोधतोय.’

भिंतीवर बसून आम्ही पाणी परत येताना पाहिलं. तीन तास बाबा हलले नाहीत. पाणी होड्यांपाशी आलं, होड्या सरळ झाल्या, मग शेवाळ उभं राहिलं, मग पायाखालचा दगड ओला झाला. त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. संशय होता. इतक्या सहज परत येणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

जेसीने त्यांना हिंदीत समजावलं. तिची हिंदी केरळची आणि यांची गोंदियाची. ‘अंकल, ये रोज जाता है, रोज आता है. दो बार.’

‘आता है तो जाता कायको है?’

जेसीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बी.एस्सी.पर्यंत शिकूनही मला याचं उत्तर नीट देता येत नव्हतं.

मायकेलने त्यांना भरती-ओहोटीच्या वेळांची एक छोटी पुस्तिका दिली. वर्षभराच्या तारखा आणि आकडे. इंग्रजी आकडे जेसीने शिकवले. मग बाबांना काम मिळालं. रोज पुस्तकातल्या वेळेला धक्क्यावर जायचं, दोराच्या टोकाला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर काढायचा आणि दोर जिथवर ओला झाला तिथे पिळात अंबाडीचा एक तंतू अडकवून गाठ मारायची. घरी तुडुमावर ते हेच करायचे, आठवड्याला एक गाठ. इथे रोज. मायकेल शेजारी बसून गळाने मासे पकडायचा. वर समुद्रपक्षी गोल गोल फिरायचे. बाबा त्याला बोट दाखवून सांगायचे, ‘हे बी शिकाऊच दिसते.’ तो मान डोलवायचा. पाच-सहा मासे मिळाले की दोन बाबांना द्यायचा. जेसी त्यांचं तिखट आंबट कालवण करायची. बाबांनी घरून रुमालात बांधून आणलेला तांदूळ त्यासोबत शिजायचा, आणि त्या भाताच्या वासाने आमची ती समुद्राकडची खोली अर्धा तास आमच्या गावची व्हायची.

आठवड्याने त्यांनी जाहीर केलं, ‘पुस्तक खरं हाये. लिवलं तसंच येते.’

‘आपल्या तलावाचंही असं पुस्तक असतं तर, बाबा?’

‘तर पाणकर कोणाले लागत होता? कोतवाल झालो असतो मी.’

त्याच दिवसांत माझ्या टेबलावर साखरेच्या डब्याखाली एक पत्र होतं. नर्सिंग होमने मला कायमची नोकरी देऊ केली होती. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत सही करून द्यायची. मी बाबांना पहिल्याच रविवारी सांगितलं. ‘सही केली तर मग मी इथलीच होईन. सुट्टीत येईन, पण राहणं इथे.’ ते ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी भरतीची वेळ विचारली. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. नको करू सही. घरी ये. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी पत्र फाडलं असतं. निदान मला तेव्हा तसं वाटायचं. आणि मला भीतीही होती की ते तसं म्हणतील.

सप्टेंबर पुढे सरकला. एका सकाळी पोहणाऱ्यांसाठी पाण्यात सोडलेले पिवळे गोळे माणसांनी होडीतून काढून नेले. जीव वाचवणाऱ्या मुलांच्या लाकडी खोलीला कुलूप लागलं. शाळेची पोरं गणवेशात दिसायला लागली. डोंगरावरचं जांभळं गवत तांबूस झालं. वारा एका दिवसात फिरला आणि बाबांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. म्हणाले, ‘यांचा बी कुवार लागला.’

मला माहीत होतं. त्यांना घरचं शेवटचं पाणी दिसत होतं. तुडुमाच्या बुचावर दुसऱ्या कुणाचा हात त्यांना सहन होत नसे. रविवारी त्यांचं विमान होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी धक्क्यावर गेले. मायकेल उठून घरी निघाला होता. बाबा दोर गुंडाळत होते. पाणी त्या दिवशी फार वर आलं होतं, धक्क्याच्या वरच्या कडीपर्यंत. मी शेजारी बसले आणि विचारलं, ‘बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे. मी काय करू?’

ते बराच वेळ गाठीवर बोट फिरवत राहिले.

‘गावात लोक मले मनते, पोरगी एवढी दूर काऊन धाडली. मी मनतो, पाणी पहिले टोकाले धाडाव लागते. जवळची बांधी काय, कधी बी भिजते.’ त्यांनी दोराचं ओलं टोक पिळलं. ‘पण पोचलं का नाही, ते तुडुमावरच्याले दिसत नाही बाई. ते टोकावरच्यानंच सांगाव लागते.’

एवढंच. मी वाट पाहिली. त्यांनी शेवटची गाठ मारली आणि दोर खांद्यावर टाकला. खोलीवर येऊन मी सही केली. त्यांनी सही होताना पाहिली. पेनाचं टोपण खाली पडलं ते उचलून दिलं. मग माझ्या हातून तो कागद घेऊन उजेडाकडे धरून माझं इंग्रजीतलं नाव पाहिलं आणि साखरेच्या डब्याखाली परत नीट ठेवला. रविवारी बॅगेभोवती दोर मी स्वतः गुंडाळला. घट्ट. विमानतळावर सगळ्यांसमोर.

त्यानंतर आठ कुवार मी तिकडेच पाहिले. मायकेल पुढे आमच्याच नर्सिंग होममध्ये आला, खिडकीजवळच्या खाटेवर, आणि विचारायचा, ‘भोक सापडलं का त्यांना?’ मी म्हणायचे, अजून शोधतात. जेसी लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. ऑक्टोबरात उत्तरेकडून हंसांसारखे पक्षी यायचे, रात्रभर बोलत. दर वर्षी शेवटच्या पाण्याच्या दिवशी मी फोन करायचे आणि बाबा सांगायचे, ‘पोचलं.’ मीही सांगायचे, मी बरी आहे. दोन्ही टोकांवरून एवढंच.

तर मागच्या रविवारी, शेवटच्या पाण्याच्या दिवशी, मी तो दोर घेऊन पाळीवर गेले. पाळीच्या उतारावर मासेमार ढिवरांच्या बायका उकडलेले शिंगाडे विकायला बसल्या होत्या, हिरवट वाफ येत होती. बाबा तुडुमाजवळ गोणपाटावर बसलेले. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. पाणकर आता सुखदेवभाऊ आहे, चाळिशीचा, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, ‘घे वो बाई, आणला का दोर? तुझा बाप मले सकायपासून शिकवून राह्यला. वीस वर्षं याच्या हाताखाली काढली, अजून नापासच हावो मी.’

‘नापासच हायेस,’ बाबा म्हणाले. मी दोर त्यांच्या हातात दिला. मला वाटलं मोजायचं असेल. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि बोटांनी एकेक गाठ चाचपत टोकापर्यंत गेले.

‘हे शेवटली,’ ते म्हणाले. ‘या दिवशी तू त्या कागदावर सही केली. पाणी सगळ्यांत वर होतं त्या दिवशी.’

मी त्या गाठीवर बोट ठेवलं. त्यांनी मग विचारलं, ‘टोकावर कोण हाये आज?’

कुणीच नव्हतं. आमची बांधी आता माझा भाऊ करतो आणि तो त्या दिवशी सासुरवाडीला गेला होता. सुखदेवभाऊ म्हणाला, ‘तिथं टावर बी मिळत नाही. फोन करतो मनलं तरी जमत नाही. माणूस लागते.’

‘मी जाते,’ मी म्हटलं.

सुखदेवभाऊने माझ्या चपलांकडे पाहिलं. ‘मॅडम जाते मनते. आवाज निंघन का?’

मी चपला पाळीवरच काढल्या. नालीच्या कडेने निघाले. दर बांधीवर फावडं घेऊन माणूस. रामजीकाका, जे आमच्या शेजारच्या बांधीवर लहानपणापासून उभे असलेले मला आठवतात, तसेच उभे. ‘परदेशातून आली अन् नालीनंच चालून राह्यली,’ ते म्हणाले आणि सरकून वाट दिली. निसवलेल्या धानाचा वास तोच. बेशरमाची फुलं तीच. वर एक लहान विमान गोल फिरत होतं, त्याला अजूनही रस्ता सापडला नव्हता. मी टोकाच्या धुऱ्यावर बसले. मांडीवर पुस्तक नव्हतं. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे कळत नव्हतं.

तासाभराने सुकी पानं सरसरली. मुंग्या आल्या. मग पाण्याची ती मातकट जीभ, जरा थांबत, जरा चाचपत, माझ्या पायाच्या बोटांना लागली. समुद्राचं पाणी अकरा वर्षं रोज दोनदा माझ्या पायांशी आलं होतं. हे शेवटचं पाणी वर्षातून एकदा येतं, आणि कुणीतरी लांबून ते माझ्यासाठी सोडलेलं असतं.

मी उभी राहिले, दोन्ही हात तोंडाशी धरले. ‘पोचलं!’

आवाज निघाला. रामजीकाकांनी तो घेतला आणि पुढे दिला. पोचलं. पुढे कुणी बारीक आवाजाचा माणूस होता. पोचलं. मग ऐकू येईनासं झालं. बांधीत पाणी पसरत होतं, धानाच्या बुडख्यांभोवती बुडबुडे फुटत होते. मी खाली वाकून बांधीचं तोंड मोकळं करत होते.

तेवढ्यात लांबून परत आवाज आले. आधी अस्पष्ट, मग एका बांधीवरून दुसरीवर, जवळ जवळ. तुडुमाकडून उत्तर कधी येत नाही, म्हणून मला वाटलं कुठली बांधी फुटली. मी धुऱ्यावर पडलेलं भावाचं फावडं उचललं. रामजीकाका धुऱ्यावर चढून माझ्याकडे तोंड करून ओरडत होते.

‘ओ बाई! तुझा बाप मनते, घरी ये!’

मी तशीच उभी राहिले. त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही.

‘घरी ये मनते! मायनं च्या मांडला! कायले उभी हायेस, पाच माणसायचा गळा बसला तुमच्या बापलेकीपायी!’

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मी पुन्हा हात तोंडाशी धरले. मला उत्तर द्यायचं होतं, तेही त्याच वाटेने, माणसामाणसाच्या तोंडून, तुडुमावर त्या गोणपाटावर दोर मांडीत घेऊन बसलेल्या माणसापर्यंत.

‘सांगा त्यायले,’ मी ओरडले, ‘येऊन राह्यली!’